गज

वाटणीच्या दिवशी कलमं मोजली गेली,
विहिरीच्या पाळ्या ठरल्या,
मोठा टोप इकडे आला, त्याचं झाकण तिकडे गेलं.
बंदूक मात्र मोडता येईना.
परवाना भाऊंच्या नावावर,
शेतीसंरक्षणार्थ, बारा बोअर, दुनळी,
आजोबांनी कुणा कस्टमवाल्याकडून घेतलेली.
तेव्हा आबाकाका उठले,
खुंटीवरचा नळी पुसायचा गज काढला
आणि काही न बोलता
खाडीपलीकडे घेऊन गेले.

मी सात वर्षांची होते.
महिन्यातून एकदा भाऊ म्हणायचे, जा, गज आण.
धाकू तारी मला फुकट न्यायचा,
येताना गज आडवा धरायला लावायचा,
उभा धरलास तर वीज पडेल म्हणायचा.

काका पडवीत पाठमोरे बसलेले असत.
"तेका सांग, डाव्या नळीत चिंधी घट्ट घाल.
थयसरच गंजता."
मी सगळी खाडी ते वाक्य पुटपुटत यायची,
विसरू नये म्हणून.
भाऊ ऐकायचे. हूं म्हणायचे नाहीत.
चिंधीला एक घडी जास्त घालायचे.

मग कळ दाबली की बंदूक कमरेत वाकायची.
भाऊ नळ्या उजेडाकडे धरायचे
आणि मला म्हणायचे, बघ.
आत एकात एक चकचकीत कड्या,
आणि टोकाला खाडी, रुपयाएवढी.
एका नळीत होडी.
दुसऱ्या नळीत नुसतं पाणी.

झाडली किती वेळा? माझ्या आठवणीत तीनदा.
दोनदा डुकरांवर, दोन्हीदा नेम चुकला.
एकदा काका गेल्याचं कळलं तेव्हा,
मागच्या दारी, आभाळात.
वानरं पळाली. आई काही बोलली नाही.
तेराव्याला गज परत मागायचा का,
हे भाऊंना ठरवता आलं नाही.
मग भाऊही गेले.

परवाना माझ्या नावावर व्हायला अडीच वर्षं लागली.
टेबलामागचा माणूस विचारत होता,
बाई, तुम्ही करणार काय हिचं?
पुसणार, म्हटलं.
त्याने रकान्यात शेतीसंरक्षण लिहिलं.

राजापुरात खलफे चाचांनी नळ्या सोडवल्या,
सुतळीने आढ्याला टांगल्या
आणि पेन्सिलीने टिचकी मारली.
घंटेसारखं वाजायला हवं, म्हणाले.
फुटक्या घागरीसारखं वाजलं.
"नळ्या दोन्ही शाबूत आहेत.
मधल्या पट्टीची झाळ सुटलीय.
आता बार भरू नका.
आणि खोबरेल कोण घालत होतं हिला?
थंडीत थिजतं ते. शिवणयंत्राचं तेल घाला, थेंबभर."
मी म्हटलं नाही की आमच्याकडे सगळ्यालाच खोबरेल घालतात.

निवडणुकीला ती ठाण्यात जमा होती, दोन महिने,
गळ्यात पुठ्ठ्याचा नंबर बांधून.
परत आली तेव्हा चापाच्या वर, पोलादावर
कुणा हवालदाराचा अंगठा उमटलेला,
खाऱ्या घामाचा, तांबूस,
रेषा मोजता येतील इतका स्वच्छ.

आता पूल झालाय. गाडी घेऊन गेले.
काकीने ओळखायला वेळ लावला.
गज? तो काय, म्हणाली,
आणि परसात बोट दाखवलं.
गजावर पावटा चढला होता,
टोकापर्यंत, टोकाच्याही वर,
धरायला काही न मिळून हवेत वाकलेला.
"उपटू नको गो. शेंगो उतरले काय ने."
मी निघाले तशी ती दारात थांबली,
अजून काहीतरी सांगायचं असल्यासारखी.
मीही थांबले. सवयीने.
मग तिने ओटीत पावट्याच्या शेंगा घातल्या.

घरी येऊन बांबूची काठी तासली,
आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली.
उजवी नळी. मग डावी,
एक घडी जास्त.
अंगठा अर्धा निघाला, अर्धा राहिला.
नळ्या उजेडाकडे धरल्या.
एकीत पुलाचा खांब.
दुसरीत पाणी.